भोंगा आणि बारा नावं

२ मे

झालं! माझी निवड झाली!

पदवीदान समारंभात नावं वाचायला आमच्याकडे दरवर्षी शेवटच्या वर्षातली दोघंजण निवडतात. यंदा त्यातली एक मी. चाचणीला रजिस्ट्रार बाईंनी माइक न देताच एक पान वाचायला लावलं. पहिल्याच ओळीला मागे डुलक्या घेणारा साउंडवाला दचकून उठला, आणि बाईंनी मुकाट्याने माझ्या नावापुढे खूण केली. लहानपणापासून "हळू बोल, शेजारी ऐकतायत" एवढंच ऐकत आले. वर्गात मला सगळे भोंगा म्हणतात. खऱ्या नावाने हाक मारली तर मीच वळून बघत नाही. आज त्या भोंग्याचं चीज झालं.

आईला फोन केला. म्हणाली, "चला, त्या घशाचा एकदाचा उपयोग झाला." आणि लगेच, "पण तुझं नाव कोण वाचणार? मी त्यासाठीच येतेय." आईचं काहीतरीच असतं. शेकडो नावं आहेत आणि हिला एकाचीच पडलीय.

दुसरा वाचणारा कायद्याच्या वर्गातला. त्याला सगळे वकील म्हणतात. इतकं मोजून बोलतो की समोरच्याला आपणच फार बडबडतोय असं वाटायला लागतं. मी बडबडतेच, तो भाग वेगळा.

५ मे

इथली पद्धत मला फार आवडलीय. नाव कागदावरून वाचायचं नाही, माणसाकडून शिकायचं. सभागृहामागच्या खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या. पदवी घेणारा प्रत्येकजण येतो, समोर बसतो, स्वतःचं नाव तीनदा म्हणतो. मग मी म्हणायचं. त्याने मान डोलावली की मी कार्डावर माझ्या खुणा करते, कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा. मान डोलावली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मागे कधीतरी एकाचं नाव चुकलं तर म्हणे त्याचे आजोबा थेट स्टेजवर चढले होते.

आणि काय एकेक नमुने येतात! एक धिप्पाड गडी, दारातून वाकून आत आला, आणि स्वतःचं नाव असं पुटपुटला की मला टेबलावरून पुढे झुकावं लागलं. एक मुलगी म्हणाली, वडिलांचं नाव गाळ, आईचं लाव. मी म्हटलं, बिनधास्त. आपलं नाव म्हणताना माणसं लाजतात, हे मला माहीतच नव्हतं.

८ मे

आज काय दिवस होता! सकाळी लायब्ररीत जायला निघाले तर समोरच्या हिरवळीवर तंबू! रातोरात वीसेक तंबू उभे. पॅलेस्टाईनचा झेंडा, कापडी फलक, मधोमध पुस्तकांचं टेबल. विद्यापीठाने शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांशी असलेले करार मोडावेत आणि गाझातल्या मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी समारंभात दोन मिनिटं उभं राहावं, एवढ्या दोन मागण्या.

मी पुढच्या तासाला गेलेच नाही. घोषणा द्यायला त्यांना आवाज हवा होता आणि मी तिथे उभी होते. दुसऱ्या घोषणेला त्यांचा पुढारी धावत आला. "तू इतके दिवस होतीस कुठे?" त्याला सगळे सेनापती म्हणतात. चार दिवसांची दाढी आणि खिशात तीन पेनं. अंगावर असा काटा आला की काय सांगू! तीन वर्षं मी इतिहास वाचतेय. आज पहिल्यांदा वाटलं, मी त्यात उभी आहे.

११ मे

जिला सगळे इंजिनियर म्हणतात, ती नाव शिकवायला आली. ती गाझाची. पहिलं वर्ष तिथल्या कॉलेजात केलं, मग शिष्यवृत्ती मिळाली आणि इकडे आली. पाण्याच्या पाइपलाइनवर प्रकल्प आहे तिचा. चार वर्षांत आपली भाषा इतकी छान उचलली आहे की चिडली की आपल्यासारखीच चिडते.

काल सेनापतीने तिला तंबूत बोलावून म्हटलं होतं, "आमच्यात एक खरीखुरी तिथली आहे, तू स्टेजवर ये, बोल." तर ही म्हणाली, "मी फलक नाही." आणि निघून गेली. मला जरा रागच आला होता. आम्ही कुणासाठी चाललोय उन्हात?

नाव मात्र तिने मन लावून शिकवलं. मग विचारलं, "आमची शाखा कितवी?"

"सगळ्यांत शेवटची."

"आणि समारंभ नेटवर लाइव्ह दाखवतात ना, त्याला आवाज नीट असतो? चित्र अडकलं तरी चालेल. आवाज?"

"असतो की!"

"आईकडे नेट फार थोडा वेळ येतं. जिथे मिळतं तिथे ती सकाळपासूनच जाऊन बसणार आहे. फोन चार्ज करून ठेवलाय, वापरत नाही."

मी म्हटलं, "तिला सांग, भोंगा वाचणार आहे. नेट गेलं तरी ऐकू येईल!" ती हसली. ती हसली की बरं वाटतं, एरवी कधी हसत नाही.

१४ मे

सेनापतीच्या डोक्यात जबरदस्त कल्पना आलीय! त्याच्याकडे बारा नावं आली आहेत. इंजिनियर ज्या कॉलेजात होती, त्याच कॉलेजातले बारा विद्यार्थी, सगळे बॉम्बहल्ल्यात गेलेले. विद्यापीठ दोन मिनिटं उभं राहायला तयार नाही ना? मग पदवीदानाची सुरुवात होताच, पहिल्या कार्डाऐवजी, मी ती बारा नावं वाचायची! माइक माझ्या हातात असणार. कोण अडवणार?

मी लगेच हो म्हटलं. विचार करायला काय आहे त्यात!

पण नाव माणसाकडून शिकायचं ही आपली पद्धत, आणि ती माणसं तर नाहीत. म्हणून मी इंजिनियरकडे गेले. कागद तिच्यापुढे ठेवला. तिने बोट ठेवून तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग एकेक नाव म्हणून दाखवलं. अकरा नावं पटापट झाली, पण सातव्या नावाला तिने मला सोडलंच नाही. पुन्हा म्हण. नाही, असं नाही. पुन्हा. माझा घसा बसायची वेळ आली. त्या मुलाचं आडनाव इंजिनियरचंच आहे. तिकडे ते आडनाव सर्रास असावं. शेवटी तिने मान डोलावली आणि उठून खिडकीपाशी गेली. परीक्षेचा ताण आहे बिचारीला.

१६ मे

रजिस्ट्रार बाईंनी मला आणि वकिलाला बोलावलं. कार्डावर नाही असा एक शब्द जरी स्टेजवरून उच्चारला गेला, तर आवाज बंद, लाइव्ह बंद, आणि उरलेल्या पदव्या मुकाट्याने हातात देऊन समारंभ संपवायचा. वाचणाऱ्याची पदवी रोखून ठेवायची. "कुणाची भीती वाटते म्हणून नाही," बाई म्हणाल्या, "पण इथे दोन्ही बाजूंची मुलं आहेत. माझ्याकडे रोज कुणीतरी रडत येतं." माझ्याकडे बघत म्हणाल्या. म्हणजे कुणीतरी चुगली केली! मी तर फक्त जिवलग मैत्रिणींना सांगितलं होतं, आणि वर्गात दोघातिघांना, आणि साउंडवाल्याला, कारण तो चांगला माणूस आहे.

मी सगळं जाऊन इंजिनियरला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "लाइव्हसुद्धा बंद?"

"करू देत! माझी आठ-दहा नावं तरी वाचून होतील तोवर. जग बघेल!"

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय, इतिहास!"

ती पुस्तकं उचलून निघून गेली. कधीकधी मला वाटतं, हिला आमच्याइतकी तळमळ नाही.

१७ मे

वकिलाशी कडाक्याचं भांडण. त्याची मावशी तिकडे राहते, गाझाच्या सीमेच्या पलीकडच्या बाजूला. युद्ध पेटलं त्या पहिल्याच दिवशीच्या हल्ल्यात त्याचा मावसभाऊ मारला गेला, हे मला आज कळलं. आमच्या एका घोषणेवरून सुरुवात झाली. तो म्हणाला, ती ऐकली की मला हिरवळ ओलांडता येत नाही, मी मागच्या फाटकाने येतो. मी म्हटलं, आमचा तसा अर्थच नाही. तो म्हणाला, "अर्थ तुमचा असेल, कान माझे आहेत."

मग म्हणाला, "तिथे जे चाललंय ते मला बघवत नाही. खरंच नाही. पण माझ्या भावाचं नाव तुझ्या कागदावर येईल?"

मी म्हटलं, ते वेगळं आहे. का वेगळं ते धड सांगता येईना, म्हणून जास्तच मोठ्याने बोलले. खिडक्यांची तावदानं हलली असतील. तो कार्डं गोळा करून निघून गेला.

२१ मे

अंगाचा तिळपापड झालाय! इंजिनियर वकिलाकडे गेली होती! मला न सांगता त्याला म्हणाली, माझं नाव तू वाच. कार्डं वाटून झाली होती, तिची शाखा माझ्याकडे होती, मी तिचं नाव झोपेतसुद्धा बरोबर म्हणेन. आणि ती गेली कुणाकडे? ज्याची मावशी पलीकडे राहते त्याच्याकडे!

मी तिला गाठलं. "माझ्यात काय कमी पडलं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "तुझा आवाज फार मोठा आहे."

हे काय उत्तर झालं? दुपारभर हिरवळीवर घोषणा दिल्या, घसा पार फाटला तेव्हा कुठे डोकं शांत झालं. सेनापती म्हणाला, असे लोक असतातच, आपण आपलं काम करायचं. हो. आपण आपलं काम करायचं.

२४ मे

उद्या! गाऊन घालून आरशासमोर बारा नावं म्हणून बघितली. सातवं सगळ्यांत सुंदर निघतं. आई दुपारच्या गाडीने आली, माझ्या खोलीत पाय पसरून बसली आहे. तिला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ओरडेल. पण ती इतकंच म्हणाली, "वाच. पण मी इतक्या लांब आलेय, माझ्या मुलीचं नाव ऐकल्याशिवाय मला कुणी बाहेर काढलं तर बघ."

मी म्हटलं, आई, प्रश्न एका नावाचा नाही.

"ज्याच्या घरचं असतं त्याला असतो," ती म्हणाली आणि कूस बदलली.

२५ मे

कुठून सुरुवात करू? सगळं सलग लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सभागृह खच्चून भरलेलं. मी विंगेत उभी, हातात पहिली कार्डं आणि त्यावर तो कागद. पडद्याच्या फटीतून बघितलं तर सेनापती तिसऱ्या रांगेत, माझ्याकडे अंगठा दाखवतोय. साउंडवाला बटणांवर बोट ठेवून बसलेला, माझी नजर चुकवत होता. आणि अगदी मागे इंजिनियर. फोन दोन्ही हातांत धरून, एकटक स्टेजकडे.

वकील शेजारी आला. हळूच म्हणाला, "भोंगा, एक विचारू? तू सुरुवातीलाच ती नावं वाचणार. मग आवाज बंद. मग तिचं नाव मी कुठल्या माइकवर वाचू?"

मला कळेना. "कुणाचं?"

"तिची आई पहाटेपासून बसली आहे तिथे. फोनला थोडीच बॅटरी आहे. तिला फक्त एक नाव ऐकायचंय. म्हणून ही माझ्याकडे आली. तिला वाटलं, कार्ड माझ्याकडे असलं तर मी काहीतरी मार्ग काढून ते आवाज बंद व्हायच्या आधी वाचेन. पण तिची शाखा शेवटची, तोवर आवाजच नसणार, हे माझ्या आज सकाळी लक्षात आलं."

'लाइव्हसुद्धा बंद?' तिने विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं! आणि मी तिला इतिहास सांगत बसले.

"तिने मला का नाही सांगितलं?"

"म्हणाली, भोंग्याला वाईट वाटेल. आणि बारा मेलेल्यांच्या पुढे मी माझं नाव कसं ठेवू?"

"आणि तू बाईंना का नाही सांगितलंस? मला काढून टाकलं असतं."

"मग अर्ध्या लोकांची नावं कोणी धड वाचली असती?" तो म्हणाला. तेवढ्यात आम्हाला स्टेजवर बोलावलं.

मी माइकसमोर उभी राहिले. सेनापती पुढे सरकून बसला. मी कागद सगळ्यांत खाली घातला आणि पहिलं कार्ड वाचलं. सेनापतीचा चेहरा असा पडला की माझ्याच्याने बघवेना. कुणीतरी "गद्दार!" म्हणून ओरडलं. या गळ्याला थांबता येत नाही ही देवाचीच कृपा म्हणायची. वाचत गेले. माझं नाव वकिलाने वाचलं तेव्हा वरच्या बाल्कनीत आई उभी राहिली आणि असली आरोळी ठोकली की भोंगा कुठून आला ते अख्ख्या सभागृहाला कळलं. लोक हसून हसून लोटपोट. मी रडत होते की हसत होते, सांगता येणार नाही.

शेवटी इंजिनियरांची शाखा. तिचं कार्ड आलं. वकिलाने श्वास घेतला आणि वाचलं. किती नीट वाचलं! माझ्यासारखं दणदणीत नाही. एखाद्याला घरात हाक मारावी तसं. ती स्टेजवर आली, फोन छातीशी धरलेला, पदवी घेतली, आणि आमच्यासमोरून जाताना एक क्षण थांबली. फोनवर कुणीतरी बोलत होतं. बाईच्या आवाजात, पुन्हा पुन्हा एकच शब्द. मला शब्द कळला नाही, पण आरोळीच होती ती. माझ्या आईसारखीच.

त्यानंतरची तीन-चार कार्डं संपली. शेवटचं नाव झालं. टाळ्या पडल्या. मी वकिलाकडे बघितलं. तो बाजूला झाला नाही, पुढेही आला नाही. मी कागद काढला.

पहिलं नाव अर्धं झालं आणि माइक मेला. लाइव्ह दाखवणारा वरचा मोठा पडदा काळा झाला. रजिस्ट्रार बाई उठून उभ्या राहिल्या. आणि मग काय झालं ते मलाच नीट आठवत नाही, पण मी माइक बाजूला सारला आणि तेच नाव पुन्हा पहिल्यापासून घेतलं. नुसत्या घशाने! भोंगा काय उगाच म्हणतात? दुसरं. तिसरं. काहीजण उठून बाहेर गेले, एका रांगेतून हुर्यो झाली, काहीजण होते तिथे उभे राहिले. सेनापती तर खुर्चीवर चढला होता, पण घोषणा द्यायचंच विसरला. सातवं नाव इंजिनियरने जसं शिकवलं होतं तसं म्हटलं, कुठे थांबायचं तिथे थांबून. मागे तिने फोन डोक्यावर उंच धरला होता, दोन्ही हातांनी. बारावं नाव झालं आणि मी खाली बसले. खुर्ची नव्हती, स्टेजवरच बसले.

बाई जवळ आल्या. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्या म्हणाल्या, "पदवी रोखावी लागेल. नियम आहे." मग पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली आणि गेल्या.

बाहेर हिरवळीवर इंजिनियर भेटली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने तोंडावर हातच ठेवला. "आईने माझं नाव ऐकलं," ती म्हणाली. "मग लाइव्ह बंद करून तिने लगेच मला साधा फोन लावला. बॅटरी संपेपर्यंत चालला. सातवं नाव तिने ऐकलं."

"सातवंच?"

"माझा धाकटा भाऊ."

आडनाव सर्रास असावं, असं मी इथेच लिहून ठेवलंय, मागच्या पानावर. ती म्हणाली, "आई म्हणाली, बरोबर म्हटलं. आम्ही घरी म्हणतो तसंच." आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मोठ्याने, माझ्याहून मोठ्याने.

आईला पदवीचं सांगितलं. ती म्हणाली, "नाव ऐकलं मी. कागद येईल तेव्हा येईल."

२७ मे

तंबू काढले. करारांवर विद्यापीठ चर्चा करणार म्हणे. सेनापती त्यासाठी खिशात पाच पेनं घेऊन फिरतोय. माझ्याशी अजून घुश्शात आहे, पण काल त्यानेच माझ्या पदवीसाठी सह्या गोळा केल्या. माझी चौकशी पुढच्या आठवड्यात. मला भीती वाटायला हवी, पण खरं सांगायचं तर अजून जमिनीवर पाय नाहीत.

दुपारी नावं शिकायच्या त्या खोलीत कार्डं परत करायला गेले. वकीलही आला होता. पुढच्या फाटकाने आला होता, बुटांना हिरवळीची माती. मी टेबल पुसलं, समोरची खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बस. मावसभावाचं नाव शिकव."

तो उभाच राहिला. मग बसला. तीनदा म्हणायचं असतं, त्याला पद्धत माहीत होती. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला नाही. मी थांबले. मला थांबता येतं हे मलाही नवीनच होतं. मग मी ते नाव म्हटलं, शक्य तितकं हळू.

त्याने मान हलवली. नाही. पुन्हा.

मी पुन्हा म्हटलं.